जुनी मोटार परराज्यातून घेताना

दूरच्या विक्रेत्याकडून जुनी मोटार घेणाऱ्या नवख्या हौशी ग्राहकाची दृष्टी प्रथम रंगावर जाते. ती कागदपत्रांवर जावयास हवी. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली एखादी प्रीमियर पद्मिनी कोलकात्याहून मागवायची असल्यास नोंदणी पुस्तिकेतील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच पडताळावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातील गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झाला असल्यास हा दर्जा मिळत नाही. दर्जा मिळालेली गाडीही रोजच्या वापरासाठी नसते.

पद्मिनीला स्वतंत्र चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. त्यामुळे तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च खरेदीहूनही वाढू शकतो. तळाला नुकताच दिलेला काळा लेप संशयास्पदच समजावा. तिथल्याच एखाद्या जाणत्या मेकॅनिकला मोबदला देऊन गाडी वर उचलून पाहावयास सांगणे केव्हाही स्वस्त पडते.

मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० विक्रेत्याच्या स्वाक्षरीसह हाती येईपर्यंत उर्वरित रक्कम राखून ठेवावी. पुस्तिकेवर जुन्या कर्जाचा बोजा असल्यास तो आधी उतरवून घ्यावा. कर्ज कधीच फिटले असले, तरी नोंद तशीच राहिलेली असते.