आपल्या मल्लांचे मानसन्मान

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जत्रेला कुस्त्यांचे मैदान भरत नाही असे गाव विरळाच. हलगी वाजते, वस्ताद मंडळी जोडी लावतात, पोरासोरांच्या नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, आणि दिवस कलता कलता एक नंबरची कुस्ती लागते. जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन नाचवतात, इनाम देतात. हा सगळा मान आपण लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलो. परंतु मान किती प्रकारचा असतो, तो कोणाला मिळतो आणि कोणाला मिळायचा राहून जातो, याचा हिशोब आपण सहसा मांडीत नाही. आज तोच मांडून पाहू.

पहिला मान मैदानातला. तो रोख असतो. कुस्ती निकाली झाली, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, की इनाम हातात पडते. पैलवानाचा खुराक महागडा. दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला सोसत नाही. तेव्हा हे इनाम म्हणजे नुसती शाबासकी नव्हे, पुढच्या चार महिन्यांची ती बेगमी असते.

दुसरा मान किताबाचा. 'हिंदकेसरी', 'महाराष्ट्र केसरी' हे ते किताब. केसरी म्हणजे सिंह. महाराष्ट्र केसरीची कुस्ती १९६१ सालापासून होत आली. तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्ही विभागांतले विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. जो जिंकेल त्याच्या खांद्यावर गदा येते. गदा काही बाजारात मोडून खायची वस्तू नव्हे. ती घरात देवाशेजारी ठेवतात, आणि पाहुणा आला की आधी ती दाखवतात.

तिसरा मान पदकाचा. आशियाई स्पर्धा, ऑलिंपिक स्पर्धा अशा ठिकाणी तो मिळतो. इथे कुस्ती गादीवर असते, वजनाचे गट ठरलेले असतात, वेळ ठरलेली असते, आणि चीत झाली नाही तरी गुणांवर निकाल लागतो. चौथा मान सरकारचा. अर्जुन पुरस्कार, आपल्या राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार हे त्यातले. हा मान पराक्रम झाल्यानंतर मिळतो. कधी लगेच, कधी फार उशिरा. उशिराची गोष्ट पुढे येईलच.

आता या चार खात्यांवर आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावे काय जमा आहे ते पाहू. शिराळा तालुक्यातले पुनवत हे गणपतराव आंदळकरांचे गाव. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले आणि १९६० साली हिंदकेसरी झाले. मिरज तालुक्यातल्या कवठे पिराणचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. त्या दोन सालांच्या मध्ये, १९६२ साली, जाकार्ता येथे आशियाई स्पर्धा भरल्या. तेथे कुस्तीत भारताला सुवर्णपदके मिळाली तीन. त्यांपैकी एक आंदळकरांचे, ग्रीको-रोमन पद्धतीच्या सर्वांत वरच्या वजनगटातले. दुसरे मान्यांचे, फ्रीस्टाइल पद्धतीतले. शिवाय दोघांनीही दुसऱ्या पद्धतीत एकेक रौप्यपदक आणले. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली धरायचे नाही, पायाचा डाव लावायचा नाही अशी कुस्ती. ज्यांचे सगळे शिक्षण पट काढण्यात आणि टांग लावण्यात गेले, त्यांनी तीही साधली. सबंध देशाच्या तीन सुवर्णपदकांतली दोन एकट्या सांगली जिल्ह्यातली! शिक्षकबंधूंनी हा हिशोब वर्गात जरूर सांगावा. आंदळकरांना पुढे १९६४ साली अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पहिले महाराष्ट्र केसरी, १९६१ सालचे दिनकर दह्यारी, हेही सांगली जिल्ह्याचेच. खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे ही गदा मिळवली. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम २०२३ साली भरली, ती सांगलीतच. तिची पहिली मानकरी सांगलीची प्रतीक्षा बागडी. पुरुषांची पहिली गदा १९६१ ची, मुलींची २०२३ ची. मध्ये बासष्ट वर्षे गेली. या बासष्ट वर्षांत अंगात ताकद आणि मनात हौस असलेल्या मुली आपल्या गावांत नव्हत्या काय? होत्या. पण त्यांच्यासाठी गदाच नव्हती, म्हणून नावेही नाहीत. मानाच्या यादीत एखादे नाव नसले, म्हणजे ते माणूस नव्हते असे मानू नये.

आता सर्वांत मोठ्या नावाकडे येऊ. कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा दादासाहेब जाधवांचे गाव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीवरच्या कुस्तीचा सराव बेताचाच होता. पाय मातीला सरावलेले. तरीही आपल्या वजनगटात ते सहावे आले. तिथेच त्यांना कळले की ताकद कमी नाही, कमी आहे ती गादीची सवय आणि नियमांची ओळख.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा अडचण उभी राहिली पैशाची. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी काय केले? त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळातले सात हजार! विद्यार्थी पदक आणील याची हमी कोणी दिली नव्हती. हरला असता तर पैसे गेले असते आणि कदाचित घरही गेले असते.

हेलसिंकीला ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती फार लांबली आणि ती थोडक्यात गेली. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोवपुढे उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो बोलून दाखवायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले. महाराष्ट्राला दुसरे पदक मिळाले ते तर २०२४ साली, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांना नेमबाजीत. म्हणजे बहात्तर वर्षांनी.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून लोक हजर होते. एरवी पाव तासात चालून होणाऱ्या वाटेला मिरवणुकीमुळे सात तास लागले म्हणतात. हा झाला गावचा मान. तो वेळेवर मिळाला. पुढे खाशाबांनी काय केले तेही ऐका. त्यांनी कोल्हापूरला कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. माझ्या मते त्यांच्या पदकाइतकाच हाही पराक्रम मोजला पाहिजे.

सरकारी मानाचे मात्र तसे झाले नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. राज्याचा छत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९२-९३ चा. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. खाशाबांच्या नावे तो जाहीर झाला २००० साली. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले २०१० साली. हे तिन्ही सन्मान मोठे आहेत, पण तिन्ही त्यांच्या पश्चात आले. ज्या खांद्यावर शाल घालायची तो खांदाच उरला नव्हता.

इथे थोडे परमुलखात जाऊ. अमेरिकेत बॉस्टन शहरात सेल्टिक्स नावाचा बास्केटबॉलचा धंदेवाईक संघ आहे. १९४६ साली तो निघाला. २०२४ पर्यंत त्याने आपल्या देशातले अजिंक्यपद अठरा वेळा मिळवले, त्यांपैकी आठ तर १९५९ ते १९६६ अशी ओळीने. प्रत्येक विजयाचा एक झेंडा त्यांच्या क्रीडागृहाच्या छताला टांगलेला असतो. त्या संघाची दुसरी एक रीत आहे. थोर खेळाडूच्या सदऱ्यावरचा आकडा ते पुन्हा दुसऱ्या कोणाला सहसा देत नाहीत. तोही वर टांगून ठेवतात. अकरा अजिंक्यपदांत खेळलेल्या बिल रसेल यांचा सहा हा आकडा तिथे आहे. मग एक हा पहिला आकडा कोणाचा असेल? तुम्ही म्हणाल, सर्वांत मोठ्या खेळाडूचा. तसे नाही. तो वॉल्टर ब्राऊन यांच्या नावे आहे. ते त्या संघासाठी कधी मैदानात उतरले नाहीत. ते संघाचे संस्थापक. सुरुवातीच्या वर्षांत संघ तोट्यात होता, बुडायच्या बेतात होता, तेव्हा या गृहस्थांनी आपले घर गहाण ठेवून तो चालू ठेवला. आणि दोन हा आकडा रेड ऑरबाख यांचा, म्हणजे संघाच्या वस्तादाचा.

काय योगायोग पाहा! बॉस्टनलाही घर गहाण पडले आणि कोल्हापूरलाही. पण तिकडे घर गहाण ठेवणाऱ्याचे स्मरण खेळाडूंच्या रांगेत, पहिल्या आकड्यावर आहे. आपल्याकडे किती शाळांच्या भिंतींवर खाशाबांच्या नावाशेजारी खर्डेकरांचे नाव आहे? कुस्ती हा एकट्याचा खेळ म्हणतात. हौद्यात पैलवान एकटा उतरतो हे खरे. पण त्याच्यामागे वस्ताद, खुराक पुरवणारी आई, जोर काढणारे जोडीदार, वर्गणी देणारा गाव असा सबंध संघच असतो. मानाच्या यादीत त्या संघाला जागा नसेल, तर वाचणाऱ्या मुलाला वाटते की मोठेपण आपोआप उगवते. आणि गावाला वाटते की आपले काम फक्त मिरवणुकीपुरते.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. बहुतेक शाळांत मानाचा फलक असतो. त्यावर साल, नाव आणि बक्षीस लिहिलेले असते. फलक तसाच राहू द्या, पण शेजारी एक वही ठेवा. तालुक्याला, जिल्ह्याला खेळून आलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या नावापुढे तीत आणखी तीन गोष्टी लिहा: याला शिकवले कोणी, प्रवासाचा खर्च कोणी केला, आणि कौतुक कधी झाले. पाच वर्षांनी ती वही उघडलीत की कळेल, कोणाच्या आधाराने मुले पुढे गेली आणि कोणाला आधार न मिळाल्याने मागे राहिली. मुलींची पाने वेगळी काढून मोजा. ती कोरी असतील तर दोष मुलींचा नाही हे ध्यानात येईल.

आणि गावकरी मंडळींना सांगायचे ते इतकेच. गावातली एखादी पोर किंवा पोरगा स्पर्धेला निघाला असेल, तर हार-तुरे परत आल्यावर घालालच. पण निघताना गाडीभाडे आहे का, बूट आहेत का, सरावाला गादी आहे का, हे आधी विचारा. गोळेश्वरच्या लोकांनी बैलगाड्या जुंपल्या याचे कौतुक आपण करतोच. त्याच लोकांनी आधी, पदकाची काहीच खात्री नसताना, वर्गणीही दिली होती. बैलगाड्यांची गोष्ट सांगाल तेव्हा वर्गणीची गोष्ट आधी सांगा.