विश्लेषण : मोटारीशिवाय जपानमधील डोंगरावर एका दिवसात कसे जाता येते?

टोक्योत शिकणारे, नोकरी करणारे किंवा आठवडाभराच्या सहलीवर गेलेले अनेक भारतीय एखादा दिवस डोंगरासाठी राखून ठेवतात. मोटार नसली तरी काही अडत नाही, कारण रेल्वे आणि बस थेट पायथ्याशी पोहोचवतात. अडते ते परतताना. शेवटची बस कधी सुटते आणि अंधार कधी पडतो, याचा हिशेब आधी केलेला नसला तर सोपा डोंगरही अवघड होतो. टोक्योजवळच्या ओयामा डोंगराच्या उदाहरणातून हे नियोजन समजून घेऊ.

ओयामाच का?

ओयामा हा टोक्योच्या नैर्ऋत्येला, कानागावा प्रांतातील तानझावा डोंगररांगेतला १,२५२ मीटर उंचीचा डोंगर. एदो काळात, म्हणजे टोक्योला एदो म्हणत त्या काळी, लोक घोळक्या-घोळक्याने पायी इथल्या यात्रेला येत. डोंगराचे दुसरे नाव ‘आफुरी’. त्याचा संबंध पाऊस पडण्याशी जोडला जातो आणि शेतकरी इथे पावसासाठी साकडे घालत. वाटेवरच्या ओयामादेरा मंदिरात फुदो म्योओची लोखंडी मूर्ती आहे. फुदो म्हणजे बौद्ध परंपरेतला ‘अचल’. ही वाट मुळातच पायी येणाऱ्यांसाठी घडलेली आहे.

पायथ्यापर्यंत कसे जायचे?

शिंजुकू स्थानकातून ओदाक्यू रेल्वेच्या जलद गाडीने साधारण तासाभरात इसेहारा येते. स्थानकाबाहेरून ‘ओयामा केबल’ थांब्यापर्यंत बसने सुमारे २५ ते ३० मिनिटे लागतात. पुढे ‘कोमा सांदो’ ही दुकानांची पायऱ्यांची वाट १५ मिनिटांची. तिथून केबल कार सहा मिनिटांत आफुरी देवस्थानाच्या खालच्या मंदिरापर्यंत, ‘शिमोशा’पर्यंत नेते. ही केबल कार म्हणजे रोपवे नव्हे. सप्तशृंगी गडावर आहे तशी, दोरखंडाने ओढली जाणारी ही रुळांवरची गाडी आहे. रेल्वे, बस आणि केबल कार या तिन्हींचा समावेश असलेला ओदाक्यूचा ‘तानझावा-ओयामा फ्री पास’ही मिळतो. पासच्या ‘ए’ प्रकारात केबल कार धरलेली असते, ‘बी’ प्रकारात नसते.

केबल कार बंद असली तर?

देखभालीसाठी किंवा खराब हवामानामुळे ती बंद राहू शकते. तेव्हा शिमोशापर्यंत पायी जाण्याच्या दोन वाटा आहेत. ‘ओतोकोझाका’ म्हणजे पुरुषांची चढण, उंच दगडी पायऱ्यांची. ‘ओन्नाझाका’ म्हणजे स्त्रियांची चढण, तुलनेने सौम्य आणि ओयामादेरावरून जाणारी. यात किमान अर्धा-पाऊण तास जादा धरावा लागतो.

वेळेचा हिशेब उलटा का करायचा?

सह्याद्रीत गडावरून उतरताना ट्रेकरचे लक्ष शेवटच्या एसटीकडे असते. ओयामावर ते केबल कारकडे ठेवावे लागते. ती सायंकाळी साडेचार-पाचच्या सुमारास थांबते. नोव्हेंबरच्या अखेरीस, लाल-पिवळ्या पानांच्या ऐन हंगामात, इथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. म्हणून आधी ठरवायची ती परतण्याची वेळ : दुपारी अडीचला शिमोशा.

तिथून मागे येऊ. शिमोशा ते शिखर चढायला सुमारे ९० मिनिटे लागतात. मिहाराशिदाई या मोकळ्या माळावरून वळसा घालून उतरायलाही साधारण तेवढीच. दोन्हीकडे पाव-पाव तास सवलत धरली, तर पावणेएकला शिखर सोडायला हवे. वर तासभर थांबायचे तर पावणेबाराला पोहोचायला हवे आणि त्यासाठी दहाला शिमोशाहून चढायला लागायला हवे. म्हणजे शिंजुकूहून साडेसातची गाडी. अडीचनंतर हाताशी उरणारे दोन तास चहासाठी नाहीत, ते पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर लागणारे आहेत. काहीच घडले नाही, तर पायथ्याच्या गावात इथले प्रसिद्ध टोफूचे जेवण घेता येते.

नकाशातील वेळ किती खरी?

जपानी डोंगरनकाशांवर प्रत्येक टप्प्यासाठी लागणारा वेळ छापलेला असतो. त्यात विश्रांती, जेवण आणि फोटोंसाठीचे थांबे धरलेले नसतात. नवख्याने त्यात आपला वेळ मिळवावा. ओयामावर आणखी एक सोय आहे : शिमोशापासून शिखरापर्यंत १ ते २८ आकड्यांचे टप्पे. विसाव्या टप्प्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, फुजी दिसतो. मध्यान्ह झाली तरी हा टप्पाही आला नसेल, तर मागे फिरणे शहाणपणाचे.

बसच्या वेळापत्रकात काय पाहायचे?

आठवड्यातले कामाचे दिवस, शनिवार आणि सुट्टी यांची वेळापत्रके बहुधा वेगवेगळी असतात. आपण जाणार तोच रकाना पाहावा. जपानी सुट्ट्याही तपासाव्यात. उदाहरणार्थ, २०१६ पासून ११ ऑगस्ट हा ‘पर्वत दिन’ सार्वजनिक सुट्टीचा आहे. हादानो स्थानकाकडून याबित्सु खिंडीत जाऊनही ओयामा चढता येतो. पण तिथे बस मोजक्याच, त्यामुळे एक चुकली तर दिवसाचे नियोजन कोलमडते. स्थानकावर उतरल्यावर परतीच्या शेवटच्या तीन बसच्या वेळांचा फोटो काढून ठेवावा.

धोका खरोखर किती?

जपानच्या राष्ट्रीय पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये डोंगरांत साडेतीन हजारांहून अधिक जण संकटात सापडले. त्यामागे वाट चुकणे हे सर्वांत मोठे कारण होते. गर्दीच्या, ‘सोप्या’ डोंगरांवरही वाट चुकते, कारण उशीर झाला की माणूस घाईत जवळची वाट शोधतो. म्हणून ‘यामॅप’सारख्या ॲपवर नकाशा आधीच उतरवून घ्यावा, वाटेवर नेटवर्कचा भरवसा नाही. ‘तोझान तोदोके’ म्हणजे चढाईची नोंद द्यावी. ती ऑनलाइनही देता येते. त्यात वाट, सोबती आणि परतण्याची वेळ लिहितात. कोणी परतले नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरून कळते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका वा अग्निशमन दलासाठी ११९ हे क्रमांक आहेत.

पिशवीत काय हवे?

दिवसाचीच चढाई असली तरी डोक्याला लावायचा दिवा हवाच. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नये. त्याच बॅटरीवर नकाशा आणि फोनही चालतो. पावसाळी कपडे, पाणी, खाऊ, पॉवर बँक आणि थोडे रोख येन ठेवावेत. आपला कचरा आपणच खाली आणायचा असतो. तानझावात उन्हाळ्याच्या दमट दिवसांत सह्याद्रीसारख्याच जळवा असतात, त्यामुळे लांब मोजे उपयोगी पडतात. इथे काळी अस्वलेही आहेत. पिशवीला घंटी बांधण्याची पद्धत त्यासाठीच.

निघण्यापूर्वी कागदावर तीन वेळा लिहून ठेवाव्यात : सूर्यास्त, शेवटची केबल कार आणि शेवटची बस. यांतल्या सर्वांत आधीच्या वेळेपासून दोन तास मागे मोजावेत. तोवर शिमोशाला परत येणे जमणार नसेल, तर त्या दिवशी शिखर सोडून द्यावे.