दोन डी. डी., दोन व्ही. के. आणि तीन भास्कर

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची प्रश्नमंजूषा झाली, तिचे परीक्षक आम्हीच होतो. एक प्रश्न होता, ‘डी. डी. कोसंबी कशासाठी प्रसिद्ध आहेत?’ आमच्या हातातल्या चिठ्ठीवर उत्तर होते : गणित आणि प्राचीन भारताचा इतिहास. नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे पंडित.’ आम्ही चिठ्ठी पाहिली आणि शून्य गुण दिले. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले की मुलीचे उत्तरही बरोबरच होते. डी. डी. कोसंबी दोन झाले, आणि दोघे बापलेक.

वडील धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातले साखवाळ. बौद्ध धर्म मुळातून शिकायचा या एका ध्यासाने ते घर सोडून निघाले आणि पार श्रीलंकेपर्यंत जाऊन पाली शिकले. पुढे कलकत्त्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी ती शिकवली. अमेरिकेत हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र ही त्यांची मराठी पुस्तके. आपल्या बडोद्याशीही त्यांचा संबंध आहे. मराठीत बौद्ध धर्मावर लेखन व्हावे म्हणून श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले आणि त्यासाठी त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. नंतर काही काळ ते अहमदाबादला गुजरात विद्यापीठातही होते. १९४७ साली सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला.

मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, तोही गोव्यातलाच. हा हार्वर्डला शिकलेला गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षे होते, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज जा-ये करीत. १९५६ साली प्राचीन भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. १९६६ साली ते गेले.

दोघांच्या नावाची आद्याक्षरे एक कशी झाली, याचे उत्तर आपल्या घरोघरच्या रीतीत आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे. आजोबा दामोदर, त्यांचा मुलगा धर्मानंद, त्यांचा मुलगा पुन्हा दामोदर. मग एकाचे धर्मानंद दामोदर, दुसऱ्याचे दामोदर धर्मानंद. पूर्ण लिहिले तर घोटाळ्याला जागाच नाही. इंग्रजी पद्धतीने आद्याक्षरे लिहू लागलो आणि बापलेक एक झाले.

धाकट्या कोसंबींच्या बाबतीत उलटाही प्रकार घडतो : एका माणसाची दोन माणसे होतात. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्यांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून काढण्याचे एक सूत्र त्यांनी १९४४ साली दिले. पिकांच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही ‘कोसंबी’ हे नाव त्या सूत्रामुळे जाणतात, पण भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे कोसंबी हेच, हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसते.

आम्हाला मात्र त्यांचे नाण्यांवरचे काम सर्वांत आवडते. जन्म नोटा-नाणी मोजण्यात गेला, त्याचा हा परिणाम असेल. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितकी जास्त वर्षे चलनात, तितके सरासरी वजन कमी, आणि नाण्या-नाण्याच्या वजनातला फरकही जास्त. कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली चांदीची जुनी नाणी तराजूवर तोलली आणि संख्याशास्त्र लावून कोणती आधीची, कोणती नंतरची हे ठरवले. आम्ही झिजलेली नाणी बाजूला काढून पिशवीत टाकत होतो. त्यातून इतिहास निघतो हे आमच्या डोक्यात कधी आले नाही.

राजवाड्यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, आणि यास्काच्या निरुक्तावर काम करणारे त्यांचे वडील बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे. मराठीत एक वि. का. आणि दुसरे वै. का. इंग्रजीत दोघेही व्ही. के. ग्रंथालयाच्या इंग्रजी यादीवरून पुस्तक मागवणाऱ्याने आधी विषय पाहावा हे बरे.

भास्करांना तर आद्याक्षरांचीही गरज पडली नाही. आर्यभटाच्या ग्रंथावर इ. स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणारा भास्कर वेगळा. त्याच्या भाष्यात वलभीचा उल्लेख येतो, म्हणजे आपल्या या गुजरातशी त्याचे नाते. ‘सिद्धांतशिरोमणि’ आणि त्यातली ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य १११४ साली जन्मले, आणि हा ग्रंथ ११५० चा. मध्ये पाचशेहून अधिक वर्षे गेली. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हे आकडे नंतरच्या अभ्यासकांनी सोयीसाठी लावले. चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे. त्यात घराण्याची वंशावळ कोरली आहे, आणि तिच्यात काही पिढ्या आधी आणखी एक भास्करभट्ट आहे! म्हणजे तीन झाले. शिवाय १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या उपग्रहांची नावे ‘भास्कर-१’ आणि ‘भास्कर-२’. तिथले आकडे उपग्रहांचे आहेत, माणसांचे नाहीत. पुढच्या वर्षी कोणी हा प्रश्न काढलाच, तर परीक्षकाने सावध राहावे.

बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असले की आम्ही वडिलांचे नाव आणि सही पाहिल्याशिवाय पैसे देत नसू. प्रश्नमंजूषेच्या दिवशी ही सवय कुठे गेली होती, कोण जाणे. असो. त्या मुलीच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली आणि पाच गुण वाढवले. तिचा संघ तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आला आहे. सुधारित निकाल मंडळाच्या फलकावर लावला असून, त्यात उत्तराच्या जागी दोन्ही कोसंबींची नावे पूर्ण लिहिली आहेत.