नादारीचा कायदा कोणासाठी?

व्यापार आहे तेथे उधारी आहे, आणि उधारी आहे तेथे केव्हा ना केव्हा बूड ही यावयाचीच. पेठेत आयुष्य घालविलेल्या कोणाही गृहस्थास ही गोष्ट आम्ही सांगावयास नको. म्हणूनच प्रत्येक सुधारलेल्या राष्ट्रात नादारीचा कायदा असतो, आणि त्याची दोन अंगे असतात. ऋणकोपाशी जी मत्ता उरली असेल ती सर्व धनकोंत न्यायाने वाटली जावी, जो आधी धावेल त्याने सगळी बळकावू नये, हे पहिले अंग. जो ऋणको लबाड नसून केवळ दुर्दैवी आहे, त्याने आपले सर्वस्व पुढे ठेवल्यावर त्यास पुन्हा उभे राहू द्यावे, हे दुसरे. ही दोन्ही अंगे सांभाळली गेली तर तो कायदा न्यायाचा. एक लुळे पडले तर तो नुसता वसुलीचा. आता प्रश्न असा की, कायदा घडविला जात असता या तराजूची दांडी कोणाच्या हाती असते? हा प्रश्न तात्त्विक नाही. अमेरिकेत 2005 साली त्याचे जे उत्तर मिळाले ते आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. कारण किरकोळ उधारीचा इतका मोठा बाजार दुसरीकडे क्वचितच असेल, आणि तेथील कायदेमंडळात कोणी काय मागितले व कोणास काय मिळाले हे सर्व उघड नोंदलेले आहे.

अमेरिकेचा नादारीचा चालू कायदा 1978 सालचा. त्यात सामान्य माणसास दोन वाटा ठेविल्या होत्या. सातव्या प्रकरणाखाली ऋणकोने कायद्याने सोडलेल्या वस्तूंखेरीज आपली सर्व मत्ता द्यावी आणि बहुतेक कर्जांतून मोकळे व्हावे. किंवा तेराव्या प्रकरणाखाली मत्ता राखून तीन ते पाच वर्षे आपल्या मिळकतीतून हप्ते भरावेत. योगायोग असा की, त्याच 1978 साली तेथील सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला की, बँकेने आपले ठाणे ज्या संस्थानात असेल तेथील व्याजाचा दर इतर संस्थानांतील गिऱ्हाइकांसही लावावा. झाले! साउथ डकोटा व डेलावेअर या संस्थानांनी व्याजावरची बंधने काढून टाकली आणि मोठमोठ्या बँकांचे क्रेडिट कार्डाचे खाते तिकडे हलले. व्याजाची कमाल मर्यादा कागदावर राहिली, व्यवहारातून गेली. पुढच्या वीस वर्षांत ज्याची पत पूर्वी कोणी धरली नसती अशा माणसाच्या घरी पोस्टाने कार्डे येऊ लागली, आणि नादारीचे अर्जही वाढत गेले.

याचे कारण काय हे शोधण्यास सरकारनेच एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल 1997 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. परंतु कायदेमंडळात जे विधेयक पुढे आले ते त्या अहवालावर उभारलेले नव्हते. ते धनको कंपन्यांस हवे तसे होते. 2000 साली ते दोन्ही सभागृहांत संमत झाले, पण अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली नाही. तरी मंडळींनी चिकाटी सोडली नाही. आठ वर्षांच्या खटपटीनंतर 20 एप्रिल 2005 रोजी अध्यक्ष बुश यांची सही झाली. यात एकाच पक्षाचा दोष होता असे कोणी समजू नये. सेनेटात 74 विरुद्ध 25 मतांनी विधेयक पास झाले, आणि जेथे या कंपन्यांचे ठाणे त्या डेलावेअरचे सेनेटर जो बायडन यांनी विरोधी पक्षात असूनही आपले मत त्याच्याच बाजूने टाकले. आयोगाच्या कामात भाग घेतलेल्या हार्वर्डच्या प्राध्यापिका एलिझाबेथ वॉरन यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. पण त्या पडल्या एकट्या विदुषी, आणि समोर संघटित पेढ्या. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

कायद्याच्या नावात ‘गैरवापरास प्रतिबंध’ आणि ‘ग्राहकांचे संरक्षण’ असे दोन्ही शब्द होते. पहिल्यासाठी कडक तरतुदी झाल्या. ज्याचे उत्पन्न आपल्या संस्थानातील मध्यम उत्पन्नाहून अधिक, त्याच्या खर्चाचा हिशेब ठरीव कोष्टकाप्रमाणे करावा, आणि शिल्लक निघाल्यास तो सातव्या प्रकरणाचा गैरवापर करीत आहे असे गृहीत धरावे. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येकाने पदराचे पैसे खर्चून सल्ला घेतल्याचा दाखला आणावा. कागदपत्रे वाढली, वकिलाचा खर्च वाढला. म्हणजे नादार होण्यासाठीही हाती पैसा असावा लागला. 2005 साली वीस लाखांहून अधिक अर्ज झाले होते, कारण नवा कायदा येण्यापूर्वी लोकांनी कोर्टाकडे धाव घेतली. 2006 साली ते सहा लाखांच्या आसपास आले. एका वर्षात अमेरिकेतील लबाड इतके कमी झाले असे ज्यास मानावयाचे असेल त्याने मानावे.

‘ग्राहकांचे संरक्षण’ किती झाले हे पाहावयाचे तर नाकारलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात. दुखण्यामुळे कर्जात बुडालेल्यांस सूट द्यावी, ही सूचना नामंजूर. व्याजाची मर्यादा शेकडा 30 असावी, ही नामंजूर. धनिकांनी खास विश्वस्तनिधीत दडविलेली संपत्ती धनकोंस खुली करावी, ही तर धनकोंच्याच हिताची सूचना, तीही नामंजूर! टेक्सास व फ्लॉरिडा येथे कोट्यवधींचे राहते घरही धनकोंपासून सुरक्षित राहते. त्यावर मर्यादा आली, पण ती मुख्यतः अर्जापूर्वी सुमारे चाळीस महिन्यांच्या आत घेतलेल्या घरापुरती. उलट मोटारविक्रीस कर्ज देणाऱ्यांस मात्र स्वतंत्र बक्षीस मिळाले. हप्त्यांच्या योजनेत पूर्वी मोटारीची आजची किंमत असेल तेवढेच कर्ज तारणाचे धरीत. आता मोटार 910 दिवसांच्या आत घेतलेली असल्यास पूर्ण कर्ज फेडणे भाग झाले. खासगी कंपन्यांनी दिलेली शिक्षणाची कर्जेही नादारीने सुटू नयेत अशी सोय झाली. अपवाद काय तो अतिशय हालअपेष्टा सिद्ध केल्यास. आणि मोठ्या वित्तसंस्थांच्या आपसातील सौद्यांस नादारीच्या स्थगितीतून जी सूट होती ती आणखी रुंद केली गेली. जो जो वर्ग दारात उभा राहिला त्याला त्याला काही मिळाले. दारात नव्हता तो एकच, पुढे बुडणारा ऋणको. कारण आपण उद्या नादार होणार आहोत हे आज कोणासच माहीत नसते, आणि म्हणून नादारांचा संघ कधी स्थापन होत नाही. या साऱ्या प्रकरणाचे मर्म आमच्या मते हेच आहे.

तीन-चार वर्षांत याची प्रचीती आली. 2008 साली मोठ्या पेढ्या कोसळल्या, तेव्हा त्यांच्यासाठी सरकारने 700 अब्ज डॉलरांची तरतूद केली. जनरल मोटर्सने 1 जून 2009 रोजी नादारीचा अर्ज केला आणि कोर्टाच्या आश्रयाने जुनी देणी मागे ठेवून नवी कंपनी सुमारे चाळीस दिवसांत बाहेर पडली. कामगारांचे पोट त्यावर होते म्हणून आम्ही त्यास दोष देत नाही. पण त्याच वर्षी एप्रिलअखेर, राहत्या घरावरील गहाणाच्या अटी बदलण्याचा अधिकार नादारीच्या न्यायाधीशास द्यावा ही सूचना सेनेटाने फेटाळली. दुसऱ्या घराचे गहाण न्यायाधीशास बदलता येते, राहत्या घराचे येत नाही, असा तेथील न्याय आहे.

आमचे व्यापारी वाचक येथे विचारतील की, ऋणको सगळेच साधू असतात काय? मुळीच नसतात. उधारी बुडविणारा माणूस प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या माथी बोजा टाकतो, हे खरे आहे. कर्जे बुडत नाहीत तेव्हा व्याज थोडे उतरते, असे काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखविलेही आहे. ऋणकोच्या बाजूने कायदा अविचाराने झुकला तर पतच आटते, हा अनुभव खुद्द आमच्या दख्खनचा आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने कोर्टास खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले. कायदा दयेचा होता. पण पुष्कळ सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्यास आरंभ केला, हेही विसरता येत नाही. तेव्हा आमची मागणी दयेची नाही. एकाच मापाने सर्वांस मोजावे, एवढीच आहे.

ते माप आपल्या घरी तरी एक आहे काय? व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा नियम आमच्या धर्मशास्त्राने घातलेला, आणि मुंबई इलाख्यात इंग्रजी कोर्टांनीही मानलेला. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यात तो सावकारास बंधनकारक झाला. बँका मात्र त्या कायद्याबाहेर. पुढे 1984 साली बँकांच्या कायद्यात असे कलम आले की, व्याज अतोनात आहे एवढ्या कारणावरून कोर्टाने बँकेचा व्यवहार उकरू नये. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरविले की, क्रेडिट कार्डावर शेकडा 30 हून अधिक व्याज घेणे हा अनुचित व्यापार होय. तो निर्णय डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण दर ठरविणे हे रिझर्व्ह बँकेचे काम. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण मग पेठेतल्या सावकारास दामदुपट आणि काचेच्या इमारतीतल्या पेढीस मोकळीक, हा भेद कोणत्या न्यायाने?

नादारीचेही तेच. 2016 साली आपण नवी संहिता केली. कंपन्यांचा भाग तत्काळ चालू झाला. व्हिडिओकॉनच्या प्रकरणी 2021 साली मुंबईच्या न्यायाधिकरणाने जी योजना मान्य केली तीत सुमारे 64,800 कोटींच्या मान्य दाव्यांपुढे सुमारे 2,960 कोटी रुपये होते. न्यायाधिकरणासही त्याचे नवल वाटले, आणि पुढे अपिलात ती योजना रद्द झाली. तरी मोठ्या कंपनीच्या देण्याची तडजोड करण्यास एक वाट आहे, हे खरे. त्याच संहितेत सामान्य माणसासाठीही भाग लिहिलेला आहे. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांहून व कर्ज 35,000 रुपयांहून अधिक नाही अशा गरिबास नव्याने आरंभ करू देण्याची वाटही आहे. पण डिसेंबर 2019 पासून त्यातील फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता अंश अमलात आला. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाला यांच्यासाठी 1909 व 1920 चे जुने इंग्रजी कायदेच राहिले. आणि व्यवहारात त्यांच्या नशिबी कोर्ट नसून वसुलीवाल्यांचा फोन आहे. परक्या सरकारने केलेला कायदा काढून टाकण्याचा ठराव स्वतंत्र राष्ट्राने करावा आणि त्याची अंमलबजावणी नुसती तारखेवाचून लोंबत ठेवावी, ही गोष्ट आपणास भूषणावह नाही.

आमची सूचना तीन कलमांत सांगता येते. व्यक्तींच्या नादारीचा भाग उत्पन्न व कर्जाच्या मर्यादा आजच्या महागाईस अनुसरून वाढवून अमलात आणावा. दामदुपटीचे तत्त्व, निदान थकलेल्या किरकोळ कर्जापुरते, बँकांसही लागू करावे. आणि असे विधेयक येईल तेव्हा कोणत्या कंपनीने, कोणत्या संघाने काय मागितले हे सर्व जाहीर व्हावे. यांतल्या पहिल्या कामापैकी तो भाग नुसता अमलात आणण्यास नवा कायदासुद्धा नको, सरकारचे एक जाहीरनामापत्र पुरे आहे. व्यापारी संघांनी ही मागणी आपण होऊन करावी. कारण आजचा धनको हाच उद्याचा ऋणको असतो, आणि बाजारातील मंदी कोणाची वही पाहून येत नाही.