बोरीकाठचे अमळनेर

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी खानदेशच्या काळ्या सपाटीवरून धावू लागली की दोन्ही बाजूंना कापसाची आणि ज्वारीची शेते दिसतात. या वाटेवर अमळनेर लागते. डोंगर नाही, कोणा राजाची राजधानी येथे नव्हती. गाव बोरी नदीच्या काठी वसले आहे. पण बोरी ही काही मोठी नदी नव्हे. दक्षिणेकडून येऊन ती तापीला मिळते, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते आणि वर्षातील उरलेले बरेच महिने तिचे पात्र वाळूचेच असते. अशा गावात विद्येचे पीठ का उभे राहावे, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते माणसांत शोधावे लागते.

अमळनेरची जुनी ओळख संत सखाराम महाराजांची. त्यांची समाधी बोरीच्या पात्रातच आहे. वैशाख शुद्ध एकादशीला येथे रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते, आणि ऐन उन्हाळ्यात कोरड्या वाळवंटावर यात्रा भरते. आषाढीसाठी येथून पायी दिंडी पंढरपूरला जाते. पंढरी फार दूर पडते म्हणून खानदेशातील वारकऱ्यांनी या गावालाच प्रतिपंढरपूर मानले. म्हणजे शाळा-महाविद्यालयांच्या कितीतरी आधी येथे पोथी, कीर्तन आणि श्रवण यांची सवय लोकांच्या अंगी मुरलेली होती. पुढे जे घडले त्याची भूमी अशी आधीच नांगरलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला. कापूस पिकविणाऱ्या गावाला रेल्वे मिळाली म्हणजे गिरणी फार मागे राहत नाही. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ श्रीमंत प्रतापशेठ यांनी येथे प्रताप मिल उभी केली. त्या काळी गिरणीमालक अनेक होते आणि धर्मशाळा बांधणारे धनिकही कमी नव्हते. प्रतापशेठांचे वेगळेपण असे की त्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर या नावाची संस्था स्थापिली. या मंदिरात मूर्ती नव्हती. शांकर वेदान्ताचे अध्ययन आणि चिंतन निर्वेधपणे करता यावे, यासाठी विद्वानांना निवास, ग्रंथ आणि निर्वाहापुरते वेतन द्यावयाचे, अशी तिची योजना होती. जगाच्या मिथ्यात्वाची चर्चा ज्या द्रव्यावर चालत असे ते कापसाच्या सुतातून निघत होते. यात कोणास विसंगती दिसेल. परंतु ज्या देशात तत्त्वचिंतकाने भिक्षेवरच जगावे अशी अपेक्षा असे, तेथे त्याला पगार देणारा एक व्यापारी निघाला, ही गोष्टच अधिक नवलाची आहे.

या संस्थेचे काम लहान नव्हते. सिंधमधून आलेले घनश्यामदास रतनमल मलकानी हे येथील कार्याचा दीर्घकाळ कणा होते. १९२५ मध्ये येथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले आणि ते सुमारे चार दशके चालले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातून याच नावाचे जे सुप्रसिद्ध त्रैमासिक निघते, ते १९५० चे. अमळनेरचे त्याहून पंचवीस वर्षांनी वडील. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात मानाचा गणला जातो. १९३० मध्ये तो प्रसिद्ध झाला तो या अमळनेरच्या संस्थेकडून, आणि पुढे काही काळ भट्टाचार्य येथे संचालक म्हणूनही होते. रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनीही आपल्या उमेदीची वर्षे येथे घालविली. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून अज्ञान या एकाच विषयावर एक ग्रंथ लिहिला. वेदान्तातील अज्ञान म्हणजे निव्वळ माहितीचा अभाव नव्हे; ते भावरूप आहे की नाही, यावर तिघांचे एकमत नव्हते, आणि एका छताखाली राहणाऱ्या तिघांनी आपापले मतभेद एकाच पुस्तकात मांडावेत, हा त्या वास्तूचा खरा गुण होता.

एवढे मोठे मंथन गावात चालले असता गावाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. चर्चा इंग्रजीत होत होती, आणि तिचे वाचक काशीला, कलकत्त्याला किंवा ऑक्सफर्डला होते. बोरीकाठच्या शेतकऱ्याच्या घरी अहिराणी बोलली जात होती. या दोन जगांमधील अंतर एका तरुणाला असह्य झाले. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी या मंदिरात आले होते. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. १९२४ मध्ये ते गावातील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले अंथरूण तसेच टाकून गेली तर ते स्वतः आवरीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत, आणि मुलांसाठी स्वहस्ते लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३० मध्ये सत्याग्रहाची हाक आली तेव्हा ते नोकरी सोडून बाहेर पडले. म्हणजे ज्यांना महाराष्ट्र साने गुरुजी म्हणतो त्यांची शिक्षक म्हणून कारकीर्द अवघी सहा वर्षांची होती. पण ‘गुरुजी’ हे बिरुद त्यांना चिकटले ते याच छात्रालयात. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक चालविले, शेतकऱ्यांच्या सारामाफीचा प्रश्न हाती घेतला, आणि गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते उभे राहिले. ज्या गिरणीच्या पैशावर शाळा आणि मंदिर उभे होते, तिच्याच कामगारांची बाजू शाळेचा माजी शिक्षक मांडीत होता. दातृत्वाने न्यायाचा हिशेब चुकता होत नाही, हे अमळनेरने असे फार लवकर पाहिले.

१९४५ हे वर्ष या गावाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी खानदेश शिक्षण मंडळाने येथे प्रताप महाविद्यालय सुरू केले. त्यापूर्वी खानदेशातील मुलाला पदवी घ्यावयाची तर नाशिक, पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठावे लागे. ज्याच्या घरी ती ऐपत नसे त्याचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. जळगावलाही त्याच वर्षी महाविद्यालय निघाले. त्याच १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापून भुईमुगाच्या या मुलखात, अमळनेरला, वनस्पती तुपाचा कारखाना घातला. हीच पुढे संगणक व्यवसायात जगभर गेलेली ‘विप्रो’. कंपनीचे थोडे भाग जुन्या काळी घेऊन ठेवणारी येथील काही कुटुंबे पुढे लक्षाधीश, कोट्यधीश झाली. ही कथा वर्तमानपत्रांना फार आवडते. तिच्या तुलनेत महाविद्यालयाची कथा नीरस वाटेल, कारण तिच्यात एकदम कोणाचे नशीब उघडत नाही.

तरीही गावाचे रोजचे जीवन घडविले ते महाविद्यालयानेच. तापीपलीकडील चोपडे, पश्चिमेकडील शिंदखेडे, दक्षिणेचे पारोळे या बाजूची मुले रेल्वेने आणि एस्. टी.ने येऊ लागली. खोल्या भाड्याने देणे, खानावळ चालविणे, जुनी पुस्तके विकणे हे गावाचे उद्योग झाले. घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी असा तीन भाषांचा चढ या मुलांना चढावा लागे, आणि त्या चढावर किती गळतात याची नोंद पदवीदानाच्या यादीत होत नसते. महाविद्यालय आरंभी मुंबई विद्यापीठाशी, नंतर पुण्याशी संलग्न होते. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले तेव्हा ते त्याकडे आले. या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या खानदेशी शेतकरी स्त्रीचे नाव आज येथील पदवीपत्रावर छापलेले असते.

दरम्यान पहिला आधार ढळला. प्रतापशेठ १९६५ मध्ये निवर्तले. इंग्रजी त्रैमासिक त्यानंतर लवकरच थांबले. १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’च्या रूपाने त्याचा वारसा चालविला. गिरणीचा भोंगाही बंद झाला. एकाच माणसाच्या ओंजळीतून पाणी पिणारी संस्था ती ओंजळ गेल्यावर तहानलेली राहते. महाविद्यालय टिकले, कारण त्याची मुळे हजारो कुटुंबांच्या गरजेत होती.

बोरीवर पारोळे तालुक्यात तामसवाडीला धरण झाले आहे. तापीवर पाडळसे येथील धरणाचे काम मात्र एका पिढीहून अधिक काळ रेंगाळले, आणि शेतीला पाणी नसले म्हणजे महाविद्यालयाची फी थकते. प्राध्यापकांना हा संबंध कोणी समजावून सांगावा लागत नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला प्रथम भरले ते १९५२ मध्ये. अध्यक्ष होते भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्त्याण्णवावे संमेलन रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथे झाले. मांडव प्रताप महाविद्यालयाच्या आवारात पडला होता आणि त्या नगरीला साने गुरुजींचे नाव होते. त्याच सुमारास याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. तिघांचे मतभेद एका पुस्तकात छापणाऱ्या गावाला एकाच वेळी दोन मांडव सांभाळणे जड गेले नाही.