अंकात जागा नव्हती

परवा लोणावळ्याच्या घरातला माळा एकदाचा रिकामा करायला काढला. पावसाळ्याआधी हे काम दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. आमच्याकडच्या पावसात कागद टिकत नाही. चार महिन्यांत वह्यांना बुरशी येते, पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून बसतात. तरीही एका पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक अंक धडधाकट निघाला. पुण्यातल्या आमच्या कॉलेजचा वार्षिकांक, १९७८-७९ सालचा. नात शेजारीच होती. तिनं पहिलं पान उघडलं आणि ओरडली, "आजोबा, तुमचं नाव!"

विद्यार्थी संपादक म्हणून माझं नाव छापलेलं होतं. पुढे बँकेत नोकरी केली, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या मुखपृष्ठांवरही नाव आलं. पण त्या पहिल्या नावाची शाई काही वेगळीच होती.

कॉलेजचा वार्षिकांक ही काय चीज असते, हे बहुतेक घरांत ठाऊक असतं. फीच्या पावतीवर 'मॅगझीन फी' अशी एक ओळ असायची. वर्ष संपता संपता तिच्या बदल्यात अंक हातात पडायचा. आधी प्राचार्यांचं मनोगत, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, शेवटी जिमखान्याचे आणि एनसीसीचे अहवाल. मध्ये गुळगुळीत कागदावर छायाचित्रं. मुलं आधी तीच उघडत आणि गर्दीत स्वतःचं डोकं शोधत. छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर आमच्या कविता उलट्या अक्षरांत वाचत आणि हसू दाबत. अशा अंकांचं कौतुक व्हावं म्हणून पुणे विद्यापीठ महाविद्यालयीन नियतकालिकांच्या स्पर्धाही घेत आलं आहे. पण बक्षिसाचा कागद फ्रेममध्ये जातो आणि अंक रद्दीत.

ही परंपरा मात्र रद्दीत घालण्याइतकी लहान नाही. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिचीच मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. या मंडळींनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालवलं. ते १८६७ पर्यंत निघत होतं. गंमत अशी, की आमच्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती १८६३ साली. म्हणजे आगगाडी घाट चढायच्या तेरा वर्षं आधीच विद्यार्थ्यांच्या सभेचं मराठी मासिक चालू झालेलं होतं!

दुसरी गोष्ट घाटाच्या अलीकडची, थेट आमच्या मावळातली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढलं. ते पुढे तळेगाव दाभाड्याला आलं. विजापूरकर 'विश्ववृत्त' नावाचं मासिकही चालवत. त्यात १९०८ साली पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख आला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. तळेगावची शाळाही सरकारनं १९१० साली बंद केली. एका लेखासाठी एका प्राध्यापकानं किती मोजलं, पाहा. लोणावळ्याहून पुण्याला जाताना तळेगाव रोज लागायचं. पण ही हकिकत मला त्या वयात ठाऊक नव्हती. असती तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

१९७८ च्या मार्चमध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मावळातल्या पोरांना पुण्याची कॉलेजं जवळ आली. कामशेतला आमच्या डब्यात एक मुलगा चढायचा. पवना धरणात गाव गेलेल्यांपैकी. अंकासाठी साहित्य मागवल्याची नोटीस लागली, तेव्हा त्यानं शंभर पानी वहीतली सहा पानं माझ्या हातात ठेवली. वर नाव होतं, 'आमची खाचरं'.

आत गोष्ट नव्हती की कविता नव्हती. पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांची नावं होती, एकाखाली एक. आंब्याचं खाचर. म्हाताऱ्याची दांडी. कोणतं कोणाचं, पाणी कुठून शिरायचं, आंबेमोहोर कुठे पिकायचा आणि कुठे पिकायचा नाही, इतकंच. वडिलांनी सांगितलं ते त्यानं उतरवून घेतलं होतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कोणाची भीती नव्हती. विभागप्रमुख सरांनीही निवड माझ्यावरच सोपवली होती. मी त्या पानांवर लाल शाईनं लिहिलं, 'ही यादी आहे, साहित्य नाही. अंकात जागा नाही.' आणि राहिलेल्या पानावर कविता छापली. कुणाची? माझीच. नाव 'धुके'.

परवा नातीनं ती मोठ्यानं वाचली. "आजोबा, ही कशाबद्दल आहे?" मला सांगता येईना.

पुढे नव्वदच्या दशकात बँकेनं मला मावळातल्याच एका शाखेत पाठवलं. एके दिवशी पीककर्जाच्या रांगेतून आवाज आला, "काय संपादक, आमच्या लेखाला जागा झाली का?" कामशेतचा तो मित्र! टोपी, कानाजवळ पिकलेले केस, पण हसू तेच. चहा मागवला. थोड्या वेळानं धीर करून विचारलं, ती पानं आहेत का? तो म्हणाला, "तुझ्याकडेच तर दिली होती."

माझ्याकडे नव्हती. नापसंत साहित्याचा गठ्ठा कुठे गेला, ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचे वडील वारले होते. आम्ही दोघांनी एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर आठवतील तेवढी नावं लिहून काढली. अकरा झाली. मूळ यादीत पन्नासेक तरी असतील. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. नोकरीत किती उतारे डोळ्यांखालून गेले, त्याची गणती नाही. तो रकाना बहुधा कोराच दिसायचा. सरकारदरबारी ज्याला फक्त नंबर होता, त्याला नाव देणारी सहा पानं एका वीस वर्षांच्या मुलानं लिहिली होती, आणि दुसऱ्या वीस वर्षांच्या मुलानं ती घालवली.

९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. जलवाहिनीच्या बाजूनं आणि विरुद्ध बरंच छापून आलं, मीही सारं वाचलं. पण वाचताना मन त्या सहा पानांकडेच जात होतं. धरणाखाली काय गेलं हे आतल्या माणसानं, रागावून नव्हे, तर मोजून सांगितलं होतं. ते अंकात आलं असतं, तर निदान एका ग्रंथालयाच्या कपाटात तरी राहिलं असतं.

म्हणून आज हे लिहिलं. वार्षिकांकातल्या कविता बहुतेक कच्च्याच असतात आणि असू द्यात. पण त्याच अंकात कुणी आपल्या गावच्या जत्रेवर लिहितं, कुणी आजीच्या दळणावर, कुणी लोकलच्या डब्यावर. तालुक्यातली साधी मुलं एखाद्या वर्षी काय पाहत होती, याची नोंद दुसरीकडे फारशी सापडत नाही. दिवाळीअंकांचे संग्राहक असतात. वार्षिकांक जपणारे कितीसे भेटतात?

तुमच्याही माळ्यावर असा एखादा अंक असेल. रद्दीवाल्याची हाक आली तर तेवढा बाजूला ठेवा. कॉलेजच्या किंवा गावच्या ग्रंथालयात विचारा, एखाद्या वर्षाचा अंक त्यांच्याकडे नसेलही. हल्ली मोबाइलवर पानांचे फोटो काढायला अर्धा तास पुरतो. आणि यंदा जे कुणी विद्यार्थी संपादक असतील, त्यांना या माजी संपादकाचं एवढंच सांगणं: जे साहित्यासारखं दिसत नाही, ते परत करण्याआधी एकदा पुन्हा वाचा.

ती बँकेची स्लिप माझ्याकडे आहे. परवा ती अंकात, 'धुके'च्या पानावर चिकटवली. नातीनं खाली सुवाच्य अक्षरात मथळा लिहिला, 'आमची खाचरं', आणि लेखक म्हणून माझ्या मित्राचं नाव. माझ्या कवितेचं नाव त्या स्लिपखाली झाकलं गेलं. ते तसंच राहू दे.