मिनिटांची मोजदाद

जानेवारी 2018 मध्ये लास व्हेगास येथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वार्षिक प्रदर्शनात बोलताना यूट्यूबचे तत्कालीन उत्पादनप्रमुख नील मोहन यांनी सांगितले, की त्यांच्या मंचावर लोक जेवढा काळ पाहण्यात घालवितात, त्यातला 70 टक्क्यांहून अधिक काळ मंचाने आपण होऊन सुचविलेल्या व्हिडिओंवर खर्च होतो. म्हणजे मनुष्य येतो तो एखादे भजन किंवा क्रिकेटचा एखादा डाव शोधत, आणि तासाभराने उठतो तेव्हा त्याने पाहिलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी त्याने मागितलेल्याच नसतात. वर्तमानपत्राच्या वाचकाला संपादकाचे नाव ठाऊक असते, नाटकाच्या प्रेक्षकाला निर्मात्याचे. येथे निवड करणाऱ्याला नावच नाही, आणि म्हणूनच की काय, त्याच्याविषयी नाना आख्यायिका प्रचलित झाल्या आहेत. फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, ही त्यांतली घरोघर ऐकू येणारी. वस्तुस्थिती त्या मानाने रुक्ष, जमाखर्चाच्या जातीची आहे, आणि तिचा बराचसा तपशील यूट्यूबच्याच अभियंत्यांनी वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत उघड लिहिलेला आहे.

यूट्यूबचा जन्म 2005 चा. शिफारशीची पहिली व्यवस्था तेथे 2008 साली आली, ती अगदीच ढोबळ होती: जे पुष्कळांनी पाहिले ते सर्वांना दाखवावे, एवढाच तिचा न्याय. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मात्र पुढची पायरी दिसते. एकाच प्रेक्षकाने साधारण 24 तासांच्या अवधीत कोणकोणते दोन व्हिडिओ पाहिले, याची जोडीजोडीने नोंद ठेवावयाची. अशा नोंदी कोट्यवधी प्रेक्षकांच्या गोळा झाल्या म्हणजे जी जोडी वारंवार आढळते तिच्यात काही नाते आहे असे धरून चालावयाचे. आणि येणाऱ्या आकड्याला त्या व्हिडिओंच्या लोकप्रियतेने भागावयाचे, कारण जे साऱ्या जगाने पाहिले आहे ते प्रत्येकाशी जोडलेले दिसणारच. भीमसेन जोशींचे अभंग ऐकणाऱ्यापुढे किशोरी आमोणकरांची मैफल येते ती यंत्राने राग ओळखला म्हणून नव्हे, तर एक ऐकणारे दुसरेही ऐकतात असे वहीत लिहिले आहे म्हणून. समाजाने स्वतःची जी अभिरुची कळत-नकळत मागे सोडली, तिचेच हे संकलन. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. उलट, अनोळखी पण समानधर्मी रसिकाने केलेली ही शिफारस पुष्कळदा चांगली निघते.

परंतु काय मोजावे, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात, आणि त्यांनी एकदा ठरविले की कोट्यवधी लोकांच्या संध्याकाळी त्या निर्णयाच्या वळणाने जातात. प्रारंभी मोजली जात होती ती टिचकी, म्हणजे व्हिडिओ किती जणांनी उघडला हा आकडा. त्याचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. आत असो वा नसो, दर्शनी चित्रात काहीतरी भडक दाखवावे, मथळ्यात काहीतरी कबूल करावे, आणि उघडणाऱ्याने दहा सेकंदांत कपाळावर हात मारून तो बंद केला तरी दप्तरात एक टिचकी जमा झालेली असावी, असा व्यवहार सुरू झाला.

सप्टेंबर 2011 मध्ये क्रिस्टोस गुड्रो या अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना ईमेल पाठवून असा आग्रह धरला, की यापुढे प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहण्यात घालविलेला वेळ मोजावा, आणि तेवढाच मोजावा. गुंतवणूकदार जॉन डोअर यांच्या 2018 सालच्या पुस्तकात ही हकीकत स्वतः गुड्रो यांनी सांगितली आहे, आणि तिच्यातले एक उदाहरण असे आहे की त्यावर मला जरा रेंगाळावेसे वाटते. समजा, कोणी बो-टाय कसा बांधावा असे विचारले. उत्तरादाखल दोन व्हिडिओ आहेत. एक मिनिटभराचा, त्यात गाठ कशी घालावी हे नेमके आणि चटकन दाखविले आहे. दुसरा दहा मिनिटांचा; त्यात विनोद आहेत, गंमतजंमत आहे, पाहणाऱ्याची करमणूक होते, आणि शेवटी त्याला गाठ बांधता येईलच अशी शाश्वती नाही. वर कोणता ठेवावा? गूगलच्या शोधविभागातले सहकारी म्हणत, अर्थात पहिला. गुड्रो म्हणत, दुसरा. शोधविभागाची दृष्टी अशी, की लोकांना काम होऊन लवकर बाहेर जाऊ द्यावे. गुड्रो यांची अशी, की ज्या व्हिडिओपाशी मनुष्य स्वखुशीने दहा मिनिटे थांबतो, तो त्याला आवडला असलाच पाहिजे.

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या शाळामास्तरांना हा प्रश्न घातला असता तर त्यांनी दुसरा व्हिडिओ करणाऱ्याला बाकावर उभे केले असते. तथापि गुड्रो यांच्या बाजूत तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. टिचकी एका क्षणाच्या कुतूहलाने पडते. दहा मिनिटे कोणी उगाच देत नाही. फसव्या मथळ्यांवर हा उपाय रामबाण होता यात शंका नाही. मात्र ज्याची गाठ एका मिनिटात बांधून झाली आणि जो समाधानाने फोन खिशात घालून लग्नाला गेला, त्याच्या समाधानाची नोंद या हिशेबात एका मिनिटाएवढीच झाली, ही गोष्टही तितकीच खरी.

मार्च 2012 मध्ये हा बदल अमलात आला. व्हिडिओ उघडण्याची संख्या तत्काळ 20 टक्क्यांनी घटली, तरी कंपनी मागे हटली नाही; उलट त्याच वर्षी असा संकल्प झाला, की 2016 संपण्यापूर्वी जगभरातील प्रेक्षकांचा रोजचा पाहण्याचा वेळ 1 अब्ज तासांवर न्यावयाचा. ऑक्टोबर 2016 मध्ये तो पुरा झाला. दरम्यान व्हिडिओ करणाऱ्यांनी नव्या फर्मानाचा अर्थ बरोबर ओळखला. जे दोन मिनिटांत सांगून होते ते दहा मिनिटांवर ताणले जाऊ लागले, आणि त्यात जाहिरातीचा नियम मदतीला आला: व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालावयाच्या तर तो निदान 10 मिनिटांचा हवा, अशी अट 2020 च्या जुलैपर्यंत होती, पुढे ती 8 मिनिटांवर आली. साबुदाणेवड्याची कृती पाहू जाणाऱ्याला आधी मंडळींना नमस्कार, मग चॅनल सबस्क्राइब करण्याची आणि घंटीचे बटण दाबण्याची विनंती, मग साबुदाणा भिजविण्याविषयी आजीची आठवण, आणि या सर्वांतून तरून गेल्यावर कढईचे दर्शन, असा जो प्रवास करावा लागतो, त्याचे मूळ वडा करणाऱ्या बाईंच्या स्वभावात शोधू नये. ते त्या ईमेलात आहे.

यंत्राची आतली रचना 2016 साली बॉस्टन येथील परिषदेत मांडलेल्या निबंधात विस्ताराने दिली आहे. काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंच्या दप्तरातून काही शे उमेदवार निवडले जातात. त्यासाठी प्रत्येक व्हिडिओचे 256 आकड्यांत एक टिपण केलेले असते, असे की एकाच प्रकारचे प्रेक्षक ज्यांना लाभतात त्यांची टिपणे एकमेकांच्या जवळ येतात. प्रेक्षकाने अलीकडे पाहिलेले 50 पर्यंत व्हिडिओ आणि अलीकडे शोधलेले 50 पर्यंत शब्द यांच्या टिपणांची सरासरी काढून, तो राहतो कोठे, वापरतो कोणते उपकरण, यांची भर घालून, त्याचेही असेच एक टिपण बनते. आणि मग त्याच्या सर्वांत निकट कोण, एवढेच पाहावयाचे. दुसऱ्या टप्प्यात या काही शे उमेदवारांची बारकाईने छाननी होते आणि हा व्हिडिओ या माणसापुढे ठेवला तर तो किती वेळ पाहील, याचे अनुमान करून क्रम लावला जातो. यंत्राला हे अनुमान शिकविण्याची युक्ती सोपी आहे: जे दाखविले पण कोणी उघडले नाही त्या नोंदीचे वजन एक, जे उघडले त्याचे वजन ते जितका वेळ पाहिले तितके. हे सारे सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकते.

त्या निबंधातल्या काही गोष्टी मोठ्या मनोरंजक आहेत. जे लोक दिवसरात्र पाहत बसतात त्यांच्या नोंदींचा ढीग इतरांच्या नोंदींना गाडून टाकील, म्हणून शिकविताना प्रत्येक प्रेक्षकाचे दाखले ठराविक संख्येचेच घेतले गेले. एका परीने ही समान मताधिकाराची तरतूद होय. नव्या व्हिडिओच्या वाट्याला जुन्याइतक्या नोंदी नसणारच, म्हणून त्याच्या वयाचा हिशेब वेगळा ठेवावा लागला. आणि एक अनुभव असा आला, की ज्याने नुकतेच टेलर स्विफ्टचे नाव शोधले त्याच्या पहिल्या पानावर टेलर स्विफ्टचेच शोधफळ पुन्हा मांडले तर तो त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री उकडीच्या मोदकांची पारी का फाटते हे शोधणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी चाळीस मोदक दाखविण्यात अर्थ नाही, हे कोणीही सांगेल. यंत्राला मात्र ते सांगण्यासाठी शोधलेल्या शब्दांचा क्रम मुद्दाम विसरावयास लावावे लागले, म्हणजे शेवटचा शोध कोणता हे त्याला कळू नये. तसेच, जे नुकतेच दाखविले आणि आपण उघडले नाही ते पुढच्या खेपेस खाली सरकते. न केलेली कृतीही येथे साक्ष म्हणून दाखल होते.

2019 साली कोपनहेगनच्या परिषदेत वाचलेल्या निबंधात आणखी एका अडचणीची कबुली आहे. यादीत जे सर्वांत वर असते ते लोक उघडतात, पुष्कळदा केवळ ते वर आहे म्हणून. मग यंत्र समजते की ते लोकांना आवडले, आणि ते पुन्हा वर ठेवते. स्वतःच्या शिफारशीलाच लोकमत समजण्याचा हा दोष काढण्यासाठी, जागेमुळे किती टिचक्या पडल्या याचे वेगळे अनुमान करून ते वजा घालण्याची तजवीज करण्यात आली. त्याच सुमारास मिनिटांच्या जोडीला समाधानही मोजण्याकडे कंपनी वळली होती. काही प्रेक्षकांना पाहून झाल्यावर एक ते पाच तारे द्यावयास सांगतात, आणि ज्या व्हिडिओंना चार किंवा पाच मिळाले त्यांच्यावर गेलेला तेवढाच वेळ सार्थकी लागला असे धरतात. पण अशा प्रश्नावलीला उत्तर देणारे थोडे. म्हणून ज्यांना कधी विचारलेच नाही त्यांनी काय उत्तर दिले असते, हेही यंत्रच सांगते. 2021 साली गुड्रो यांनी लिहिले, की ही व्यवस्था रोज 80 अब्जांहून अधिक निदर्शक खुणांवरून शिकते. इतक्या साक्षीनंतरही जबाब मात्र साक्षीदाराच्या नावावर दुसऱ्यानेच लिहावयाचा, हा प्रकार कोणत्याही कचेरीत चालला नसता असे माझे मत आहे.

या हिशेबातून काय अनर्थ होतो याविषयी मोठा वाद झाला. झेनेप तुफेक्ची या विदुषीने मार्च 2018 मध्ये असा आरोप केला, की ही शिफारस माणसाला पायरीपायरीने अधिकाधिक जहाल मतांकडे नेते. जानेवारी 2019 मध्ये कंपनीने जाहीर केले, की पृथ्वी सपाट आहे, अमुक औषधाने गंभीर रोग चमत्काराने बरा होतो, असल्या सीमारेषेवरच्या व्हिडिओंची शिफारस कमी केली जाईल. ते काढले जाणार नाहीत, केवळ कमी सुचविले जातील. पुढे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की जहाल चॅनले पाहणारे मुख्यतः आधीपासूनच त्या मतांचे होते. मात्र या अभ्यासासाठीची निरीक्षणे 2019 च्या बदलानंतरची असल्यामुळे त्यावरून पूर्वीच्या काळाला निर्दोष ठरविता येत नाही.

भारतात 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या शॉर्ट्सची, म्हणजे आखूड व्हिडिओंची, चाचणी भारतातच सुरू केली. तेथे निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. एक संपला की दुसरा समोर येतो, आणि अंगठा लगेच वर सरकला की क्षणभर थांबला, हीच मुख्य साक्ष.

आपल्या घरांत आणखी एक गुंता असतो. एकच फोन चौघांत फिरतो: सकाळी आजी हरिपाठ लावते, दुपारी नातू कार्टून पाहतो, संध्याकाळी सूनबाई ब्लाउजची कटिंग शिकते आणि रात्री चिरंजीव शेअर बाजाराचे भविष्य ऐकतात. खात्यावर ही चारही माणसे मिळून एकच असामी, आणि मग आजीपुढे डिमॅट खाते उघडण्याचे फायदे येतात. ही असामी ज्या वहीवरून बनते ती, म्हणजे पाहण्याचा इतिहास, सेटिंगमध्ये जाऊन वाचता येते, तिच्यातली एकेक ओळ खोडता येते, वहीच बंद ठेवता येते. ऑगस्ट 2023 पासून, ज्याच्या खात्यात इतिहास साठलेला नाही आणि ज्याने वही बंद ठेवली आहे, त्याचे पहिले पान रिकामे राहते. मात्र नापसंती कळविण्याच्या बटणांवर फार भिस्त ठेवू नये. मोझिला संस्थेने 22 हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने केलेल्या 2022 च्या पाहणीत नापसंतीच्या अंगठ्याने नकोशा शिफारशी सुमारे 12 टक्केच टळल्या, 'रस नाही' असे कळविल्याने 11 टक्के. इतिहासातली ओळ खोडल्याने 29 टक्के, आणि अमुक चॅनल सुचवू नये असे बजावल्याने 43 टक्के. चौघांनी चार खाती ठेवली, निदान लहान मुलाचे वेगळे केले, तर आजीचा हरिपाठ पुष्कळ निर्वेध चालेल.